कोकणात रानाला लागून राहताना: हात-पाय, आसरा, विस्तव, पाणी आणि जनावरं

कोकणात रानालगत राहायला येणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायचं ते हात आणि पाय कुठे टाकायचा हे. गारगोटीने विस्तव करणं, झाडपाला ओळखणं, माग काढणं हे सगळं त्यानंतर. इथे साप चावतो तो घनदाट जंगलात क्वचितच. तो चावतो खळ्यात म्हणजे अंगणात, गडग्यावर म्हणजे दगडी कुंपणावर, लाकडांच्या राशीपाशी, पहाटे न्हाणीकडे जाताना, काजूच्या बिया वेचताना. जागा ओळखीची असते, काम रोजचं असतं आणि लक्ष दुसरीकडे असतं.

वर्षानुवर्षं बंद असलेलं घर उघडून राहायला येणारे, कलमांच्या बागेत मांगर, म्हणजे राखणीचं छोटं घर, बांधणारे, चार-सहा महिने कातळावर किंवा खाडीकाठी काढणारे यांच्यासाठी हे लिहितो आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत जमीन, जनावरं आणि शब्दही थोडे बदलतात, पण सवयी त्याच लागतात.

घराभोवतीची पन्नास पावलं

सुरुवात घरापासून करा. जांभ्या दगडाचा, चुना-माती न घालता रचलेला कोरडा गडगा म्हणजे नुसत्या फटी. त्यांत पाली, सरडे, उंदीर राहतात आणि त्यांच्यामागून जनावर येतं. कोकणात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. शेजाऱ्याने तसं सांगितलं तर समजून घ्या. गडगा पाडायची गरज नाही. घर आणि गडगा यांच्यात चार-पाच हातांची स्वच्छ पट्टी ठेवा, तिथे गवत वाढू देऊ नका. गडग्याला टेकून जुनी कौलं, चिरे, पत्रे रचू नका.

लाकडं जमिनीवर न ठेवता हातभर उंच माचीवर रचा. काढताना आधी काठीने राशीवर ठोका, थोडं थांबा, मग वरचं लाकूड आधी उचला. मधे हात घालून ओढू नका. पातेरा दाताळ्याने ओढा, कवेत भरू नका. मोरीच्या भोकाला जाळी लावा. छपरावर टेकलेल्या फांद्या पावसाआधी तोडा. भात, कोंडा, कोंबड्यांचं खाणं झाकून ठेवा, कारण उंदीर आला की पाठोपाठ साप येतो.

झोपायला जमिनीवर अंथरूण घालणार असाल तर मच्छरदाणी लावाच आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. मच्छरदाणी डासांसाठी असते हे खरं, पण मण्याराच्या बाबतीत तिच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं संरक्षण दुसरं नाही. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा माणसाला जागही येत नाही.

चालण्याची आणि उचलण्याची सवय

अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, दहा पावलांवर जायचं असलं तरी. उजेड समोर लांब न टाकता दोन-तीन पावलांवर जमिनीवर टाका. पावसाळ्यात गमबूट, एरवी घोट्यापर्यंतचे बूट घाला. ते बाहेर ठेवत असाल तर घालण्याआधी उलटे करून आपटा. विंचू आणि गोम दोन्ही तिथे सापडतात. पाखाडी उतरताना पायरीच्या कडेवर नको, मधोमध पाय टाका. पायरीच्या खाचेत काय आहे ते वरून दिसत नाही.

दगड उचलायची एक पद्धत आहे. चिरा सरळ वर उचलायचा नाही. पहारीने किंवा काठीने त्याची पलीकडची कड उचकटायची आणि दगड आपल्या अंगाकडे कलता करायचा. म्हणजे खालची मोकळी बाजू पलीकडे उघडते आणि दगडच तुमची ढाल होतो. चिरेखाणीवर, बांधावर आयुष्य काढलेली माणसं हे विचार न करता करतात. नवख्याने पहिले काही आठवडे मुद्दाम करायचं, मग हाताला वळण लागतं.

हे इतकं सांगण्याचं कारण फुरसं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर ते विपुल आहे. लांबी साधारण हातभर, रंग जांभ्याच्या धुळीसारखा तपकिरी, पाठीवर फिकट ठिपक्यांची ओळ, बाजूला नागमोडी पांढुरकी रेघ आणि डोक्यावर बाणासारखी फिकट खूण. दिवसा दगडाखाली निपचित असतं, रात्री बाहेर पडतं. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं. खवल्यांना करवतीसारखे दाते असल्याने खरखर असा कोरडा आवाज येतो. हा आवाज ऐकला की पाय होता तिथेच थांबवा, बॅटरी फिरवून जनावर पाहा आणि मग त्याच्यापासून लांब, आल्या वाटेने दोन पावलं मागे या. फुरसं धामणीसारखं पळून जात नाही. ते जागेवर बसून राहतं आणि विजेच्या वेगाने झेप घेतं. आकार बघून त्याला काठीने बाजूला करायला जाणं हा दंशाला दिलेला हात आहे.

साप चावला तर

हा क्रम घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. घाबरलेल्या माणसाला नव्याने विचार करता येत नाही.

१. सापापासून लांब व्हा. त्याला मारू नका, पकडू नका. लांबून सहज फोटो निघाला तर ठीक, त्यासाठी वेळ घालवू नका.

२. माणसाला बसवा किंवा आडवं करा. चालू देऊ नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल ते वाहन घ्या. दुचाकीवर न्यायचं तर दोघांच्या मधे बसवा.

३. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा. सूज चढल्यावर निघत नाहीत.

४. हात किंवा पाय फळीला, झावळीच्या दांड्याला सैलसर बांधून हलणार नाही असा करा. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका, पाला-बर्फ लावू नका, दारू पाजू नका.

५. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून वेळ लिहा; डॉक्टरांना त्यावरून सूज किती वेगाने चढते ते कळतं.

६. सरळ सापाच्या विषावरची लस असलेल्या रुग्णालयात जा. वाटेत मांत्रिक नाही, भगत नाही.

शेवटचा मुद्दा जिव्हाळ्याने सांगतो, कारण यावरून घराघरांत वाद होतात. मांत्रिकाने उतरवलेले रुग्ण बरे झालेले लोकांनी पाहिलेले असतात. पण बरेच दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष टोचतोच असं नाही. अशी माणसं बरी होणारच होती. ज्याच्या अंगात विष गेलेलं असतं त्याचे मात्र तेच दोन तास हातचे जातात.

लसीबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनवलेली असते. आंबोलीकडच्या ओल्या रानात वेलींवर, ओढ्याकाठच्या दगडांवर बसणाऱ्या चापडा जातीच्या विषारी सापांवर ती चालत नाही. तिथे डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात, तरीही रुग्णालयात जायचंच. दुसरी गोष्ट फुरशाची. त्याच्या विषाने रक्त गोठत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला काही तास लागू शकतात, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी परतू नका. रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात आणि गोठलं का ते बघतात. ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि एक दिवस तरी देखरेखीखाली काढावा लागतो.

पहाटे कुणी पोटात दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर अंगावर खूण दिसत नसली तरी मण्याराचा संशय घ्या. अशा रुग्णाला श्वासोच्छ्वासाला यंत्राचा आधार लागू शकतो, म्हणून तशी सोय कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा.

विंचवात लाल विंचू धोक्याचा. लहान मुलाला घाम फुटणं, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की एक क्षण घालवू नका. महाड तालुक्यात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर उपयोगी पडतं हे दाखवून दिलं आणि त्यामुळे कोकणातली असंख्य मुलं वाचली. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हे औषध प्राथमिक केंद्रातले डॉक्टर देऊ शकतात, पण ते वेळेवर पोहोचलेल्यालाच.

आसरा

एखाद्या रात्रीपुरता असो की महिन्यापुरता, आसऱ्याची जागा निवडताना आधी वर बघा. नारळाखाली नको, वाळक्या फांदीखाली नको. मग पायाखाली बघा: व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या पात्रात नको, पाणी ओसरल्याच्या खुणा म्हणजे अडकलेला कचरा दिसतो त्याच्या वर जा. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, म्हणून तोंड पूर्वेला ठेवा.

दोन बेळकी म्हणजे टोकाशी फाटा असलेले खांब रोवा, त्यांवर आढं म्हणजे आडवं लाकूड टाका, दोन्ही बाजूंनी वासे उतरवा. उतार चांगला तिरका हवा. इथल्या पावसात कमी उताराचं छप्पर टिकत नाही. बांधायला सुंभ उत्तम. तो नसेल तर केवणीची, म्हणजे मुरुडशेंगेची, साल काढा. हिरव्या फांदीला बुंध्याशी उभी चीर देऊन साल शेंड्याकडे ओढली की लांब पट्टी निघते. ओली असतानाच बांधा, वाळल्यावर घट्ट बसते.

छपराला झाप, म्हणजे नारळाच्या झावळीची विणलेली चटई. हिरवी झावळी घ्या आणि कोयत्याने मधला दांडा टोकापासून बुडापर्यंत चिरून दोन भाग करा. कोयत्याचा घाव अंगापासून लांब जाईल असं बसा. अर्धी झावळी जमिनीवर ठेवा, दांडा तुमच्या बाजूला. पहिली पात उचलून शेजारच्या एका पातीवरून, पुढच्या पातीखालून अशी घेत जा. मग दुसरी, मग तिसरी. हातभर विणून झाल्यावर वीण घट्ट सारून घ्या आणि शेवटच्या पातींची गाठ मारा. वेळ असेल तर झावळ्या आधी काही दिवस पाण्यात भिजवा, पाती लवचीक होतात. छपरावर झाप खालून वर लावत जायचा, दांडा वरच्या अंगाला आणि पाती खाली सुटलेल्या, प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर निम्मी तरी चढलेली. ताडपत्री असेल तर ती वर घाला आणि झाप खाली ठेवा. उन्हाळ्यात नुसत्या ताडपत्रीखाली बसवत नाही.

देवराईच्या हद्दीत मात्र कोयता चालवू नका. वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही असा बहुतेक गावांचा नेम आहे. कित्येक गावांत तिथेच बारमाही झरा टिकून आहे, तो या नेमामुळे.

विस्तव

पावसाळ्यात विस्तव पेटवण्याची तयारी मे महिन्यात होते. सोडणं म्हणजे नारळाची सालं, करवंट्या, नारळाच्या फुलोऱ्याची वाळकी पोय, चुडतं म्हणजे वाळक्या झावळ्या चुलीवरच्या माळ्यावर चढवून ठेवा. धुराने ती चार महिने कोरडी राहतात.

रानात पेटवायचा असेल तर जमिनीवर पडलेलं लाकूड घेऊ नका, ते पाणी प्यायलेलं असतं. उभं वाळलेलं झाड किंवा फांदीवर अडकलेलं लाकूड शोधा, साल काढा, चिरा. आतला गाभा भर पावसातही कोरडा मिळतो. वाळक्या बांबूचा तुकडा कोयत्याने खरवडला की कापसासारखी कुसळं निघतात, तो उत्तम पेटवण. हिरवा किंवा बंद पेरांचा बांबू आगीत टाकू नका, पेर फुटतं आणि तुकडे उडतात. ओढ्यातले भिजलेले दगडही चुलीला नकोत, तेही तडकतात. ओल्या जमिनीवर आधी लाकडांची जाळी रचा, मग तिच्यावर पेटवा.

काजूची टरफलं जोरात पेटतात, पण त्यांतलं तेल कातडी भाजतं आणि धूर डोळ्यांना झोंबतो. घरातल्या चुलीत ती नकोत. बिब्ब्याच्या बियांचंही तेच. आणि खाडीकाठी हुरा ऊर्फ गेवा हे खारफुटीचं झाड तोडायला जाऊ नका: त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं.

उन्हाळ्यात नेमका उलटा प्रश्न. फेब्रुवारीनंतर सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, गवत कोरडं होतं आणि दुपारी समुद्रावरून वारा चढतो. एका ठिणगीने आंबा-काजूच्या बागा जातात, आणि एखादी बाग पुन्हा उभी राहायला दहा वर्षं लागतात. भाजावळ म्हणजे पेरणीआधीची जमीन भाजणी करायची असेल तर पहाटे, वारा पडलेला असताना, भोवती जाळरेषा साफ करून, पाण्याचे हंडे आणि हिरव्या फांद्या हाताशी ठेवून, शेजाऱ्यांना सांगून. विझवल्यावर राखेत हात घालून बघा. गरम असेल तर अजून विझलेली नाही.

पाणी

कोकणात पाऊस धो-धो पडतो आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन रांगा लागतात, यात कोडं नाही. जांभा सच्छिद्र आहे, पाणी त्यातून झिरपून खालच्या चिकण मातीच्या थरापर्यंत जातं आणि तिथून आडवं वाहत सड्याच्या कडेला बाहेर पडतं. म्हणून पाणी सड्यावर शोधू नका. कड उतरा आणि जिथे झाडी एकदम हिरवी, गर्द होते ती रेघ धरून चाला. झरा तिथे सापडतो. माणसाची वाट, जनावरांचे माग, नेचे यांवर लक्ष ठेवा.

झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तसंच पिऊ नका. जांभा गाळतो, जंतू मारत नाही. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, दुपदरी फडक्याने गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर दोन मिनिटं तरी उकळा. उकळणं जमत नसेल तर आरोग्य केंद्रातून क्लोरीनचं द्रावण घ्या. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात खारट होतात. खारेपण उकळून जात नाही.

गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घालायची जुनी रीत आहे आणि गाळ खाली बसवण्यापुरती ती खरी आहे. पण निवळीचा जवळचा नातलग काजरा कोकणात भरपूर आहे, नारिंगी गोल फळांचा, आणि त्याच्या बिया जहाल विषारी आहेत. झाड शंभर टक्के ओळखणाऱ्या गावकऱ्याने दिलेली बी असेल तरच वापरा. स्वतः गोळा करू नका. रानातल्या आळंब्यांना, कंदांना हाच नियम. करवंदं, जांभळं, रातांबे खुशाल खा, बाकी विचारून.

गोचीड आणि चिखल

बिबट्याची धास्ती सगळ्यांना असते, पण दोडामार्ग-सावंतवाडीकडे राहणाऱ्याने बिबट्यापेक्षा गोचिडीची काळजी करावी असं माझं ठाम मत आहे. माकडताप तिकडे २०१६ पासून आहे. आजार पसरवते ती पाचोळ्यातली गोचीड, आणि तिचा जोर जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात. रानात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, गोचीड दूर ठेवणारं, आरोग्य खात्याकडून मिळणारं डेपा तेल उघड्या अंगाला. पाचोळ्यात बसायचं किंवा पडायचं नाही. परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि काखा, जांघा, कानामागे तपासणी. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. चिरडू नका, चटका देऊ नका. मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर जवळ न जाता ग्रामपंचायतीला, वन विभागाला कळवा. रानातून आल्यावर अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकत असेल तर डॉक्टरांना ‘मी रानात गेलो होतो’ हे आधी सांगा.

पावसाळ्यातला तसाच शत्रू म्हणजे लेप्टो, म्हणजेच लेप्टोस्पायरोसिस हा ताप. उंदरांच्या, गुरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून, पाण्यातून जखमेवाटे जंतू शिरतात. लावणीला उतरणार असाल तर पायाच्या भेगा, जखमा झाका, गमबूट घाला. आरोग्य सेविका डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात त्या सांगतील तशा घ्या. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दुखणं एकत्र आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोठी जनावरं

बिबट्याला इथे सरसकट वाघच म्हणतात. तो तुमच्या वाडीत असतो, फक्त दिसत नाही. धुळीत माग बघा: गोलसर, नखांच्या खुणा नसलेला असेल तर बिबट्याचा, नखं उमटलेली असतील तर कुत्र्याचा, कोल्ह्याचा किंवा तरसाचा. रानात भेकर एकसारखं भुंकू लागलं, वानर शेंड्यावरून खोकल्यासारखा आवाज करू लागले, तर त्या बाजूला जाऊ नका.

तो कुत्र्यांसाठी घराशी येतो. कुत्रं रात्री आत बांधा. तिन्हीसांजेला मुलांना एकटं बाहेर सोडू नका. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस त्याला लहान प्राण्यासारखा दिसतो, म्हणून काळोखात उघड्यावर बसू नका आणि गवत कापताना जोडीला कुणीतरी घ्या. समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, पाठ फिरवायची नाही. ताठ उभे राहा, हात वर करा, मोठ्याने बोला, मुलाला उचलून घ्या आणि त्याला जायला वाट ठेवून हळूहळू मागे सरका. विहिरीत पडलेला दिसला तर गर्दी करू नका, १९२६ वर वन विभागाला फोन करा. विहिरीला कठडा बांधणं हा त्यावरचा खरा उपाय.

रानडुकरापेक्षा त्याच्यासाठी लावलेली फासकी माणसाला आणि बिबट्याला जास्त घातक ठरते. क्लचच्या तारेचा फास वईत म्हणजे कुंपणात दिसला किंवा कणकेसारखा संशयास्पद गोळा वाटेत पडलेला दिसला तर हात लावू नका, तो गावठी बॉम्ब असू शकतो. वन विभागाला, पोलिसांना जागा सांगा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे सगळं गुन्हा आहे.

एकटा गवा कळपातल्या गव्यापेक्षा भडक असतो. रस्त्यात दिसला तर गाडी लांब थांबवा, हॉर्न वाजवू नका, तो निघून जाईपर्यंत थांबा. तिळारीच्या परिसरात हत्ती आहेत. तिथे फणस-केळी पिकल्यावर रात्री बागेत जाऊ नका, आणि हत्ती हाकलायला एकट्याने कधीच नाही. चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री इथे मगरी आहेत: काळोखात पाण्याच्या कडेला उकिडवं बसून भांडी घासू नका, पुराच्या दिवसांत काठावरच्या गवतातून चालू नका.

जनावराने गुरं मारली किंवा माणूस जखमी केला तर वन विभागाकडून भरपाई मिळते. लगेच कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं गुरू हलवू नका.

किल्ल्यांवर आणि कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. तिथे विस्तव नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. उठल्याच तर तोंड झाकून पळा, घरात किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात. काटे नखाने लगेच खरवडून काढा.

खाडी आणि समुद्र

खाडी ओलांडण्याआधी तिथी विचारा. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसा आणि रात्री दोन्ही. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. त्यापुढे सहा तासांनी सुकती म्हणजे ओहोटी पूर्ण. अवस-पुनवेच्या आसपास उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे छोटी भरती. खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, कालवं काढायला जाल तर पाणी उतरत असतानाच जा आणि वळलं की परत फिरा. मागचा चर आधी भरतो आणि वाट तुटते. कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या असतात, बूट घालून जा. चिखलात पाय रुतला तर ओढाताण न करता मागे रेलून अंगाचं वजन पसरवा आणि एकेक पाय हळू हलवत सोडवा.

समुद्रात पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडा, मग आत या.

उथळ वाळूत पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत पुरलेला पाकट मासा आधीच सरकतो. त्याचा किंवा शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवा, वेदना उतरतात. मग काट्याचा तुकडा आत राहिला का हे बघण्यासाठी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना. केंड मासा जाळ्यात आला तर खाऊ नका, कोंबड्या-कुत्र्यांनाही घालू नका. चपट्या शेपटीचा साप जाळ्यात दिसला तर हाताने सोडवू नका. समुद्रसापावर आपली नेहमीची लस चालत नाही.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. वेळास, आंजर्लेसारख्या गावांनी घरटी राखून हे काम नावारूपाला आणलं. रात्री मादी दिसली तर बॅटरी बंद करा, तिच्या मागच्या बाजूला लांब थांबा, फोटोचा फ्लॅश मारू नका. अंडी उकरू नका, पिल्लं उचलून पाण्यात टाकू नका. कुत्र्यांना लांब ठेवा आणि गावातल्या कासवमित्राला किंवा वन विभागाला जागा दाखवा.